कुरोड्या उलटायची वेळ

प्रश्न बायकोला विचारला होता. उत्तर मी दिलं.

वर्ध्याजवळच्या सावंगीच्या दवाखान्यात, छातीच्या डॉक्टरांच्या खोलीत ही गोष्ट घडली. खोलीतच एका बाकावर नंबर लागलेल्या बाया बसल्या होत्या. टेबलामागची डॉक्टरीण म्हणजे आमच्या शाळेतून दहावी होऊन गेलेल्या एखाद्या पोरीच्या वयाची. तिनं बायकोच्या पाठीवर नळी फिरवली आणि विचारलं, "काकू, दम नेमका कधी लागतो?"

"सकाळी," मी म्हणालो. "फोडणीच्या धुरानं. शिवाय आमचं घर सिंदी मेघेत अगदी रस्त्याला लागून आहे. ट्रक, ऑटो, सगळा धूर घरात येतो. त्यात ही मिरची फार टाकते."

डॉक्टरांशी बोलताना माझी भाषा आपोआप पुस्तकी होते. भूगोलाचा मास्तर आहे, दुसरं काय होणार.

डॉक्टरीण माझ्याकडे वळली. "काका, दमा तुम्हाला आहे का?"

"मला? नाही. हिला."

"मग त्यांना सांगू द्या."

बायकोनं पदर सावरला. ती कधी नव्हे ते हळू आवाजात म्हणाली, "दुपारून लागते. तीनचारच्या सुमाराले. अन् माहेरी लागते. घरी येवढा नाई लागत."

बाकावरची एक बाई पटकन म्हणाली, "माय वो, आमाले तं सासरी लागते!" सगळा बाक हसला. बायकोही हसली, आणि हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली. मग कोणी हसलं नाही.

डॉक्टरणीनं माहेर कुठलं ते विचारलं. पवनार, बायको म्हणाली. दुपारी तिथं काय करता? कुरोड्या उलटते. कुठं? गच्चीवर, उन्हात. डॉक्टरीण म्हणाली, "ओझोनचा त्रास असू शकतो. कडक उन्हात, दुपारी वाढतो. गावाकडे कधीकधी शहरापेक्षा जास्त असतो."

इथं मला गप्प बसता आलं असतं. पण वर्षानुवर्षं आठवीच्या फळ्यावर पृथ्वीच्या डोक्यावर निळी छत्री काढणारा माणूस मी. म्हणालो, "मॅडम, ओझोन तर चांगला असतो. आपलं रक्षण करतो तो."

"वरचा चांगला, काका. खालचा नाही."

"आमच्या बिल्डिंगीत उलटं हाय," बाकावरची तीच बाई म्हणाली. "वरचेच खराब हायेत."

गेटशी गाडीला किक मारली तेव्हा बायको मागून म्हणाली, "माही छाती बी तुमीच घेऊन टाका. उत्तर द्याले सोपं जाईन."

आमच्या घरात हवापालट हा शब्द माझा लाडका. शाळेचे निकाल लागले की मी बायकोला गाडीवर बसवायचो, पवनारला तिच्या माहेरी सोडायचो आणि सगळ्यांच्या देखत म्हणायचो, जा, जरा हवापालट कर. त्यात माझाही फायदा होता, लपवत नाही. बायको माहेरी म्हणजे दुपारभर कूलरसमोर पसरायचं, आणि उठल्यावर कोणी विचारणार नाही की पाण्याची टाकी का वाहून राह्यली. पण मनापासून वाटायचंही. वर्ध्याला लागूनच्या आमच्या सिंदी मेघेत खिडकीवरून बोट फिरवलं तर बोट काळं होतं. पवनारला धाम नदी आहे, तिच्या माहेरचा भाजीचा मळा आहे, वांगी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर. तिथली हवा चांगली नसेल तर मग कुठली असेल?

गेल्या दोन उन्हाळ्यांत मात्र असं झालं की बायको तिकडे गेली की तिच्या भावाचा फोन यायचा. "जवाई, येऊन जा. बाईले दम भरला." मी जायचो, तिला घेऊन यायचो, आणि आमच्या त्या काजळीच्या घरात एकदोन दिवसांत तिचा श्वास मोकळा व्हायचा. थंडीत उलटं. थंडीत घरी त्रास, आणि संक्रांतीला माहेरी गेली तर तिथं ठणठणीत. पावसाळ्यात कुठंच काही नाही. कोणालाच काही कळेना, म्हणून प्रत्येकानं आपापलं उत्तर दिलं. तिची वहिनी म्हणाली, "बाईले सासरची हवा मानवली." माझी बहीण म्हणाली, माहेरी काम पडते, म्हणून दम लागते. मी सायन्सच्या सरांना विचारून परागकण असं एक भारी उत्तर आणलं आणि ते महिनाभर वापरलं. पंप बदलून झाले, वाफ घेऊन झाली, मिरची कमी करून झाली. ती बिचारी सांगत होती, दुपारून लागते, दुपारून लागते. दुपार हे काय कारण असतं का, असं म्हणणारा मीच होतो.

दवाखान्यातून आल्यावर मी मोबाइल घेऊन बसलो. डॉक्टरणीनं सांगितलेलं तिथं अर्धं कळलं होतं आणि पूर्ण कळल्यासारखी मान हलवली होती, त्यामुळे उरलेलं घरीच समजून घेणं भाग होतं. वाचत गेलो तसतसा राग चढत गेला.

हा खालचा ओझोन कुठल्या धुराड्यातून निघत नाही. तो शिजतो. तुम्ही आम्ही सकाळी गाड्या काढतो, डिझेल जाळतो, गावाबाहेर कचऱ्याचा ढीग पेटवून देतो. त्या धुरातले वायू म्हणजे कुरोड्यांचा कच्चा चीक. कच्च्या चिकाचं काय, पातळ पाणी. तो आगीवर ठेवून घाटला की घट्ट होतो. आमच्या वैशाखाच्या उन्हाएवढी आग दुसरी कुठली? सकाळी चढवलेला चीक दुपारी तीनला तयार. उन्हाळ्यात जास्त, थंडीत कमी, पावसाळ्यात आभाळ झाकलेलं, म्हणून जवळजवळ नाहीच. सूर्य कलला की चूल विझली. आमच्या घरातली ती न सुटणारी कोडी एकेक करून सुटत होती आणि मला त्याचा आनंद व्हायच्या ऐवजी संताप होत होता.

कारण पुढचं वाचलं ते असं. रस्त्यावर जिथं ताजा धूर सारखा निघत असतो, तिथं तो ताजा धूरच ओझोनला खाऊन टाकतो. आपल्याच पोराला खाणारा बाप. म्हणून आमच्या रस्त्यालगतच्या घरात धूळ खा, थंडीत खाली दबून राहणारी काजळी खा, पण हा एक पदार्थ ताटात कमी. आणि वारा हे सगळं उचलून गावाबाहेर नेतो, जिथं ताजा धूर नाही, झाडं आहेत, नदी आहे, मोकळं आभाळ आहे. तिथं त्याला खाणारं कोणी नसतं. तिथं तो साचतो. उन्हाळ्यात आमच्याकडे वारा बहुतेक पश्चिमेचा. वर्ध्याच्या पूर्वेला कोण? पवनार. फक्त वर्ध्याचाच धूर असेल असंही नाही. असा वारा कुठून कुठून, लांबलांबच्या शहरांचं आणि भट्ट्यांचं उष्टं घेऊन येतो.

म्हणजे मी काय करत होतो? सकाळी बायकोला गाडीवर बसवून हवापालटाला सोडत होतो, आणि दुपारी माझ्याच गाडीचा धूर शिजून तिच्या मागोमाग माहेरी पोचत होता. नवऱ्यानं इतकी सोबत करू नये.

आमच्या वाटेवरच्या एका चौकात विजेची एक पाटी लागली आहे. तिच्यावर हवा कशी आहे ते दाखवतात. रोज शाळेत जाताना मी ती बघतो. हिरवा रंग, हसरं तोंड, खाली लिहिलेलं : हवा समाधानकारक. मी ती पाटी वर्गात उदाहरण म्हणून सांगत असे. त्या आठवड्यात भर दुपारी, डोक्याला दुपट्टा गुंडाळून, मी मुद्दाम तिच्याखाली जाऊन उभा राहिलो. डांबर पायाला चिकटत होतं. पाटी हसतच होती. सकाळचाच आकडा, सकाळचाच रंग. मला वाटलं, ही मलाच हसून राह्यली.

तिथून तडक त्या कचेरीत गेलो जिथून ती पाटी चालते. कचेरीचं नाव सांगत नाही. साहेब माणूस भला होता, आणि भल्या माणसाशी भांडणं फार कठीण असतं.

"साहेब, पवनारची हवा कशी आहे?"

"चांगली आहे."

"कोणी मोजली?"

"मोजाले कायले पायजे, सर? गाव आहे ते. नदी आहे, झाडं आहेत."

"मग हे मोजायचं यंत्र कुठं आहे?"

"इथंच. वर, गच्चीवर." त्यांनी पंख्याकडे बोट दाखवलं.

"आणि ते ओझोन मोजतं का?"

"कोणता ओझोन?"

"खालचा."

साहेबांनी घंटी वाजवून चहा सांगितला. सरकारी कचेरीत प्रश्न अडचणीचा निघाला की चहा येतो. चहा येईपर्यंत कळलं की यंत्र धूळ मोजतं. ओझोनचं यंत्र त्यात नाही. जी धूळ मोजतं तीसुद्धा रात्र आणि दिवस मिळून, सरासरी.

"म्हणजे पाटीवर समाधानकारक लिहिता ते धुळीपुरतं?"

"हो."

"आणि या कचेरीच्या गच्चीपुरतं?"

"तसं नाई म्हणता येत. जिल्ह्याले एक अंदाज येते ना, सर."

"आणि दुपारपुरतं नाहीच?"

"सरासरी असते, सर. तुमी तं शिकवता पोरायले सरासरी."

मी उभाच राहिलो. शिकवतो ना! माझ्या वर्गात एक पोरगा पहिला येतो आणि एक कोरा पेपर देतो. सरासरीनं दोघंही पास होतात. पण कोऱ्या पेपरवाल्याचा बाप शाळेत आला तर मी त्याला सरासरी दाखवतो का? दाखवली तर तो मला शाळेच्या गेटवर धरेल, आणि बरोबर करेल. माझी बायको दुपारी तीन वाजता श्वास घेते, साहेब. ती काही सरासरीनं श्वास घेत नाही. असं बरंच काही मी मोठ्या आवाजात बोललो. शेजारच्या टेबलावरचे दोघं खुर्ची फिरवून ऐकत होते.

साहेब शांतपणे म्हणाले, "तुमी लेखी द्या ना. पवनारले हवा खराब आहे म्हणून. फक्त सोबत मोजमाप जोडा."

"मोजमाप कुठून आणू?"

"यंत्राचं."

"यंत्र कुठं आहे?"

"ते तं नाई आपल्याकडं."

यंत्र नाही म्हणून मोजमाप नाही, मोजमाप नाही म्हणून तक्रार नाही, आणि तक्रार नाही म्हणून यंत्राची गरज नाही. इतकं गोल, इतकं गुळगुळीत, की कुठूनच हात घालायला जागा नाही. वर्धा जिल्ह्यात हा खालचा ओझोन ओळखणारं मला ठाऊक असलेलं एकच यंत्र होतं, ते माझ्या घरी भाकरी थापत होतं, आणि त्याचा आकडा लिहून घ्यायला कोणी तयार नव्हतं.

चहा मात्र मी प्यायलो. कितीही राग आला तरी माझ्याच्यानं चहा टाकवत नाही.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "भांडून आले, का चा पिऊन?"

"दोन्ही."

"मंग भांडण पातळच झालं असन."

पाटी, सरासरी, गच्चीवरचं यंत्र, सगळं तिला सांगता सांगता मी आणखी रागावलो. आता मी हातात काठी घेऊन उभा आहे आणि मारायला समोर कोणीच नाही, असं माझं झालं होतं. ट्रकवाल्याला बोलू, तर त्याच्या ट्रकमध्ये आमचाच किराणा. कचरा पेटवणाऱ्यांना बोलू, तर ढिगात आमच्याच घरची पिशवी. त्यामुळे सगळा राग मी एका निर्णयात ओतला. जाहीर केलं, "यंदा पवनारला जायचं नाही. उन्हाळभर नाही."

आणि त्याच संध्याकाळी वहिनीचा फोन आला. स्पीकरवर होता, मी ऐकला. "बाई, गहू भिजू घातला. आई म्हणते, चीक तयार होते तोवर येजो."

कुरोड्यांचं, म्हणजे कुरडयांचं, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गहू दोनतीन दिवस भिजवायचा, वाटायचा, गाळायचा, चीक खाली बसू द्यायचा. पहाटे तो शिजवून घट्ट घाटायचा आणि गरमागरम सोऱ्यातून चटईवर, चादरीवर गोल गोल वेढे पाडायचे. मग ऊन. आणि दुपारी, ऊन अगदी माथ्यावरून जरा ढळतं तेव्हा, वरचं अंग वाळलेलं आणि खालचं ओलं असताना प्रत्येक कुरोडी हलक्या हातानं सोडवून उलटायची. लवकर उलटली तर लगदा होतो. उशीर केला तर खाली चिकटून आंबते. ती वेळ नेमकी तीच, डॉक्टरणीनं सांगितलेली.

"नाही जायचं," मी म्हणालो. "बाकीचे आहेत ना उलटायला."

बायको खाटेवर बसली. "तुमाले काय वाटते, मी कुरोड्यासाठी जातो? इकत भेटते कुरोड्या."

"मग?"

"माहेरी मले कोणी काम सांगत नाई. गेली की वयनी चा आणून देते. भांडं घासाले घेतलं तं हातातून काढून घेते, बाई तुमी बसा. पाव्हणी हाय मी तिथं. वर्षातून एक काम आई माह्या नावानं ठेवते. तिच्या हाताले आता कंप सुटते, तं ते उलटाले मलेच बोलावते. पोरीचाच हात हलका हाय म्हणते. ते बी गेलं तं मी तिथं नुसती पाव्हणीच राह्यली."

यावर उत्तर द्यायला मी तोंड उघडलं आणि, सांगायला बरं वाटतं, मिटलं.

मग आम्ही वेळा बदलून पाहिल्या. डॉक्टरणीनं बजावलं होतं की बाहेरचं काम सकाळी, दुपारी आत, दारं लावून. तोंडाला फडकं बांधून चालेल का, असं मी विचारलंच होतं. तर म्हणाली, फडकं धूळ अडवतं, काका, वायू नाही. तेव्हा ठरलं की चीक घाटणं आणि पाडणं बायकोनं आईबरोबर पहाटे करायचं. उन्हं चढली की खाली खोलीत. राहिलं उलटणं.

"वहिनी उलटतील," मी म्हणालो.

बायको उसळली. "काऊन? वयनीची छाती लोखंडाची हाय? माह्या वाट्याची हवा तिनं काऊन खायाची?"

तेच. सगळं शहर जे करत होतं तेच मी घरात करत होतो. आपल्या दारातलं उचलून दुसऱ्याच्या दारात. लाज वाटली, आणि लाजेच्या भरात माणूस शूर होतो. "मी उलटीन," मी म्हणालो.

बायकोनं माझ्या हातांकडे पाहिलं. शाळेत पृथ्वीचा गोल दोनदा पाडून फोडणारे ते हात. आणि सुस्कारा चांगला लांब सोडला. त्यावरून श्वास ठीक चालला आहे एवढं कळलं.

पवनारची ती पहाट मी विसरणार नाही. नदीकडून गार झुळूक येत होती. अंगणात चुलीवर मोठं पातेलं, त्यात सासूबाईंचा लाकडी घाटा फिरत होता आणि बायकोचा हात त्यांच्या हातावर. दोघींचं मिळून एकच काम चाललं होतं. चीक घट्ट व्हायला लागला तशी सासूबाई म्हणाल्या, "जोरानं फिरव माय, गुठळी होईन." बायको जोरानं फिरवत होती, बोलत होती, हसत होती, आणि तिचा श्वास कुठंही अडकत नव्हता. मला एका वाटीत साखर घालून गरम चीक मिळाला. दुसरी वाटी मी मागून घेतली. गच्चीवर वेढे पडत गेले, पांढरेशुभ्र, एकसारखे, आणि ऊन चढायच्या आत मायलेकी खाली आल्या. बायकोनं खोलीची खिडकी लावून घेतली. तिला पाणी देऊन मी मळ्यात गेलो.

तिचा थोरला भाऊ पालकाच्या वाफ्यात उभा होता. त्यानं एक पान तोडून माझ्या हातात दिलं. वरच्या अंगाला बारीक फिकट, तांबूस ठिपके, कोणी सुईनं टोचल्यासारखे. खालून पान स्वच्छ.

"जवाई, हे पाहा. किडा नाई, बुरशी नाई. दुकानदारानं एक औषध देल्लं, मंग दुसरं, मंग तिसरं. फवारून फवारून माहे हात गेले. बाजारात बाई जुडी उचलते, पाहते, अन् ठेवून देते."

पालकाला ओझोन बाधतो, पानावर असेच ठिपके येतात, असं मी वाचलं होतं. हा तोच, असं छातीठोक सांगायला मी कोण? पण सांगितलं की असू शकतं.

"ओझोन म्हंजे ते वरचं, छत्रीवालं? माह्या पोरीले तुमीच शिकवलं होतं ना!"

"वरचं नाही, दादा. खालचं."

"पहिलेच खालचं शिकवलं असतं तं तीन औषधं वाचली असती," तो म्हणाला आणि वाफ्यात पाणी सोडायला वळला. सहज म्हणाला तो, पण मला लागलं. पुस्तकात वरचं आहे. पाटीवर धूळ आहे. दुकानात औषध आहे. पानावर जे आहे ते कुठंच लिहिलेलं नाही.

दुपारी मी गच्चीवर चढलो. दुपट्टा बांधलेला, हातात माकडांसाठी काठी. आभाळ निळंशार होतं, इतकं स्वच्छ की फोटो काढून कोणाला पाठवावा. मला त्या आभाळाचाच राग आला. धूर असता तर दिसला असता, वास असता तर नाक धरलं असतं. याचं काहीच नाही. मोकळ्या, उजळ, सुंदर दुपारीच हा खालचा चोरपावलांनी येतो.

पहिली कुरोडी मी मधून धरली. तिचे तीन तुकडे झाले.

"कडेकून धरा!" खालून, खिडकीच्या काचेमागून, आवाज आला. तिला दिसत काहीच नव्हतं. आवाजावरून कळलं होतं. "मधून नाई, कडेकून! अन् घाई करू नका!"

दुसरी कडेनं धरली. कड हातात आली, कुरोडी चादरीवर राहिली. पाचवी एकसंध उलटली तेव्हा मला वाटलं की आपल्याला जमलं. सहाव्या, सातव्यानं तो भ्रम दूर केला. एका माकडानं कठड्यावर बसून सगळं पाहिलं आणि कशालाही हात न लावता निघून गेलं. त्याला बहुतेक कीव आली.

अर्ध्याच्या वर उलटून झाल्या तेव्हा डोळे चुरचुरायला लागले. मग घशात खवखव. मी म्हटलं, ऊन आहे. मग छाती भरून श्वास घ्यायला गेलो तर श्वास वरच्या वर अडला, आत कुठं तरी कड लागल्यासारखी, आणि खोकला आला तो थांबेना. मला दमा नाही. पन्नाशी ओलांडलेला, जिने चढून दमणारा, पण धडधाकट माणूस आहे मी. एका दुपारीत माझी ही गत, तर दोन उन्हाळे बायको इथं वाकून, एकेक वेढा हलक्या हातानं सोडवत, आईचं मन राखत, काय ओढून घेत असेल छातीत? आणि खाली येऊन सांगितलं की दुपारून लागते, तर आम्ही म्हणालो, दुपार हे काय कारण असतं का.

त्या वेळी मला कोणावर तरी ओरडायचं होतं. त्या पाटीच्या चौकाच्या दिशेला तोंड करून मी खरंच काहीतरी ओरडलो. काय ओरडलो ते लिहिण्यासारखं नाही, मास्तर आहे. खोकल्यात अर्धं विरूनही गेलं. पण कुरोड्या सगळ्या उलटल्या. तुटक्या-फुटक्या, पण उलटल्या.

खाली उतरलो तेव्हा डोळ्यातून पाणी गळत होतं आणि आवाज बसला होता. खोलीत सासूबाई आणि बायको जात्याजवळ पाय पसरून बसल्या होत्या. बायको आईच्या थरथरत्या बोटांना तेल चोळत होती. तिचा श्वास शांत चालला होता. दादा गच्चीवर जाऊन आला आणि दारातच म्हणाला, "जवाई, हे कुरोड्या हायेत का भुसा?"

"भुसा नाई, दादा," बायको मान वर न करता म्हणाली. "सरासरी काढा. सगळ्या साबूत भरतीन."

वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन धावत आल्या. माझ्याकडे पाहून घाबरल्याच. "भाऊजी, डोळे कायचे लाल झाले? छाती भरली का तुमची?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. खोकला आला.

बायकोनं तांब्या वहिनींच्या हातून घेतला, माझ्यासमोर धरला, आणि माझ्या वतीनं म्हणाली, "त्यायले काऊन विचारता, वयनी? चौकात पाटी हाय ना. ते सांगते त्यायची छाती कशी हाय."